दामण बांधायची नसते

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘ताडपत्री, शेड, कव्हर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याखाली उन्हानं पुसट झालेला आणखी एक शब्द आहे, ‘शिडं’. तुर्भ्यात, जिथे रस्ता ओलांडायचा तर दोन ट्रकांच्या मधून अंग चोरून जावं लागतं, तिथे शिडं कोण विकत घेणार, असं कोणालाही वाटेल. पण पाटी कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक येतं ते फाटकी ताडपत्री खांद्यावर टाकून आणि ती शिवणाऱ्या आधीच्या माणसाचा उद्धार करत. त्यामुळे खुलासा करायची वेळ येत नाही.

दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं. गेली पुष्कळ वर्षं ते मी चालवते. माझा नवरा संजय उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. कापडाच्या धुळीनं त्याला शिंका येतात, असं तो सांगतो. त्या शिंका आधीपासूनच्या की मी दुकानात बसायला लागल्यावर सुरू झाल्या, हे शोधायला मी गेले नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. वडील मार्केटात माथाडी होते, मी वाढले तुर्भ्यातच, आणि समुद्राशी माझा संबंध वाशीच्या खाडीपुलावरून बस जाताना खिडकीतून बघण्यापुरता. नांगर म्हणजे शेतात चालतो तो, एवढंच मला ठाऊक. सासर मिळालं ते मात्र रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी खारव्यांचं. मामंजी तरुणपणी बंदरावर गलबतांची शिडं शिवत. पुढे गलबतांना इंजिनं बसली, शिडं उतरली आणि मामंजी आपल्या सुया, मेण आणि तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी घेऊन इकडे आले. कापड जवळपास तेच, दोर तोच, फक्त खाली गलबताच्या जागी ट्रक आला. शीड आणि ताडपत्रीत त्यांच्या मते फरक एवढाच, की शीड काम करतं आणि ताडपत्री नुसती पडून राहते.

पहिल्या वर्षी मला वाटायचं की मामंजी आणि आमचा फिटर इरफान कुठल्यातरी गुप्त भाषेत बोलतात. समोर ट्रक उभा आणि हे सांगताहेत, नाळेकडून ओढ. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाणी कापत जातं ते. ट्रकची नाळ म्हणजे केबिन. ताडपत्रीखाली आडवा पाइप टाकतात, त्याचं नाव परबाण. खरं परबाण म्हणजे डोलकाठीवर तिरकी चढवलेली लांब काठी, जिला शीड बांधलेलं असतं. ट्रकच्या चॅसीला मामंजी पठाण म्हणत, कारण होडीच्या तळाशी जो अखंड वासा असतो, ज्याच्यावर सगळी होडी उभी राहते, त्याला त्यांच्या बंदरावर पठाण म्हणायचे. इरफान उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. त्यानं गलबत कधी पाहिलेलं नाही. पण मामंजींनी दिलेली ही नावं त्यानं जशीच्या तशी उचलली आणि हाताखालच्या दोन भावांना शिकवून गावी पाठवलं. आता बस्तीत कुठल्यातरी गॅरेजात ट्रकच्या तोंडाला नाळ म्हणत असतील.

मी मात्र बरीच वर्षं हे शब्द वापरले नाहीत. मला ते उसने वाटायचे. मी आपली ‘पुढून ओढ, मागून सोड’ म्हणायची आणि काम व्हायचं. मामंजी काही बोलत नसत, पण माझं वाक्य संपलं की तेच सांगणं आपल्या शब्दांत पुन्हा एकदा सांगत.

शिडाच्या सगळ्या सामानात त्यांचा जीव एका दोरावर. शिडाचं वरचं अंग परबाणाला बांधलेलं असतं, पुढचा कोपरा नाळेकडे जखडलेला, आणि मागचा खालचा कोपरा मोकळा. त्या मोकळ्या कोपऱ्याला जो दोर लावतात ती दामण. दुसऱ्या बंदरावर तिला दुसरं नाव असेल, त्याची जबाबदारी मामंजी घेत नसत. दामण ओढली की शीड वाऱ्यानं भरतं, सैल सोडली की वारा निघून जातो. ती गाठ मारून ठेवायची नाही. खुंटीला फेरे द्यायचे आणि टोक माणसाच्या हातात. अचानक मोठा झोत आला आणि दामण वेळेवर सुटली नाही, तर शीड वारा सोडत नाही आणि होडी आडवी होते.

“दामण बांधायची नसते, धरायची असते,” हे वाक्य या घरात मी चहा घ्या, जेवून घ्या याच्या खालोखाल ऐकलं आहे. एकदा मी सहज विचारलं की मग ती धरायला बसायचं कोण? नाखवा, म्हणजे होडीचा मालक, तोच का? तर नाही. नाखव्याचा ज्याच्यावर भरोसा तो. संजय लहान असताना काकांच्या होडीतून एकदा गेला होता. त्यानं दामण धरायला मागितली, ती मिळाली नाही. तो आता पन्नाशीला आला, तरी ही गोष्ट काढतो.

दुसरी गोष्ट पोटाची. शीड हे सपाट कापड नसतं. सपाट कापडावर वारा आपटतो, पोट असलेल्या कापडात तो बसतो आणि होडीला ओढून नेतो. म्हणून शिडाच्या पट्ट्या जोडताना प्रत्येक पट्टीची कड मध्यावर किंचित गोल कापायची, म्हणजे शिवल्यावर आपोआप पोट सुटतं. किती गोल, ते मोजपट्टीनं सांगता येत नाही, असं मामंजी म्हणायचे. मी मोजपट्टी पुढे केली की चिडायचे.

मध्यंतरी शिडाचं एक खरंखुरं गिऱ्हाईक आलं. जुन्या आरमारावरच्या कुठल्यातरी मालिकेचा सेट लावणारा माणूस होता तो. त्याला ‘जुनं दिसणारं’ शीड हवं होतं. मामंजी त्या आठवड्यात वेगळेच झाले. जाड सुती कापड शोधून आणलं, कडेचा दोर हातानं शिवला, मला मशीनला हातही लावू दिला नाही. त्या माणसाकडे जहाजाचं एक इंग्रजी चित्र होतं, त्यात दामणीला ‘शीट’ लिहिलं होतं. पत्र्याला शीट, चादरीला शीट आणि दोरालाही शीट, याचं मामंजींना इतकं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. शीड लावायला आम्ही सेटवर गेलो, तर तिथल्या लोकांनी ते उलटं टांगायला लावलं, कारण त्यावर रंगवायचं चिन्ह तसं कॅमेऱ्यात नीट येत होतं. दामण खांबाला करकचून बांधली. मामंजींनी सगळं बघितलं. परत येताना वडापाव खाऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, की हे गलबत मागे मागे जाणार. मालिका बराच काळ चालली आणि प्रत्येक वादळात तेच शीड तसंच उलटं फडफडलं. आमच्या घरी ती एकच मालिका कोणी मधे न बोलता पाहिली.

आता उलव्याची गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

उलव्यातल्या एका मोठ्या सोसायटीला मुलांच्या खेळायच्या जागेवर कापडी शेड हवी होती. आर्किटेक्ट तरुण होता, नीट बोलणारा. त्याच्या ड्रॉइंगमध्ये चार खांब, दोन उंच, दोन बुटके, आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं एकच मोठं कापड. साधी जाळी नाही, पाणी न गळणारं मुलामा दिलेलं कापड. या प्रकाराला हल्ली ‘शेड सेल’ म्हणतात. मी ड्रॉइंग मामंजींना वाचून दाखवताना ‘सेल म्हणजे शीड’ असंही सांगून टाकलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, तरी बारीक दिसत नव्हतं. दुकानात ते खुर्चीवर बसून लोकांच्या चुका ऐकायचे. शीड म्हटल्यावर ते खुर्चीवरून उठले. कापणार मी, म्हणाले. यानंतर एवढं मोठं कापड त्यांच्या हाताखाली येणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी खडू आणि कात्री त्यांच्या हातात दिली.

ते गुडघ्यांवर बसून कापत गेले आणि कड मध्यावर गोल होत गेली. ड्रॉइंगमध्ये कापड ताठ आहे, असं मी एकदा म्हणून बघितलं. ताठ शीड म्हणजे गादीवरची चादर, असं उत्तर आलं. ट्रकच्या ताडपत्रीखाली पाइप असतात, त्यामुळे कापडाला पोट सुटलं तर काय होतं, याचा अनुभव दुकानात कोणालाच नव्हता. शिलाई मी केली. तीन कोपरे स्टीलच्या टर्नबकलनं, म्हणजे पिळून ताणायच्या स्क्रूनं, खांबांना जोडायचे ठरले. चौथा, बुटक्या खांबाचा कोपरा, मामंजींनी हट्टानं दोरावर ठेवला. त्या खांबाला हात पोचेल अशा उंचीवर दोन शिंगांची सागवानी खुंटी बसवली आणि दोराला तिच्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे दिले. आर्किटेक्टनं थोडा विचार केला आणि राहू दे म्हणाला.

पाऊस सरत आला तेव्हा शेड लागली. दिसायला फार सुरेख. खाडीवरून वारा आला की ती भरायची आणि खालून मुलं ओरडायची. सोसायटीच्या सेक्रेटरी देसाई मॅडमनी दोनच दिवसांत फोन केला. शेड छान आहे, पण ती दोरी गावठी दिसते, आणि खुंटीवर कोणीतरी मुलाची चड्डी वाळत घातली होती. चौथ्या कोपऱ्यालाही स्टीलच लावून द्या. मॅडमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पैसे मोजणाऱ्याला आपली वस्तू देखणी हवी असते. मी हो म्हटलं. मामंजींना मात्र सांगितलं की नुसती पाहणी करायला जाते. ते म्हणाले, दामणीला हात लावून बघ, ती काय म्हणते ते कळेल.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी नेमका सोसायटीत भोंडला होता. शेडच्या मधोमध पाट, त्यावर तांदूळ आणि डाळींचा हत्ती, भोवती नटलेल्या बायका, मुली, खुर्च्यांवर आज्या. कार्यक्रम झाला की काम करा, असं मॅडम म्हणाल्या. इरफान आणि मी स्टीलच्या सामानाची पिशवी घेऊन कडेला बसलो. मला खिरापतीची बशीही मिळाली.

आभाळ खाडीच्या अंगानं काळं झालं आणि परतीचा पाऊस एकदम कोसळला. आजूबाजूला बागेत असलेलेही सगळे धावत शेडखाली आले. छप्पर दिसलं की माणूस छपराखालीच जाणार. गाणी थांबली नाहीत, उलट वाढली. मी सहज वर बघितलं, तर मध्यावर कापड खाली आलेलं. वाऱ्यासाठी ठेवलेल्या पोटात पाणी बसत होतं, आणि जितकं पाणी बसेल तितकं पोट मोठं होत होतं. कापड फाटणार नाही याची मला खात्री होती, शिलाई माझी होती. खांबांची खात्री नव्हती. बुटका खांब आतल्या बाजूला झुकायला लागला होता.

इरफान पान्यानं टर्नबकल ढिलं करायला धावला आणि तिथूनच ओरडला, “दीदी, नहीं घूम रहा. पूरा लोड पे है.”

मी मॅडमना वर बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, काही विचारलं नाही, वॉचमनच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि वाजवत सुटल्या. मुली आणि बायका पावसातून लॉबीकडे पळाल्या. पण खुर्च्यांवरच्या आज्या तिथेच होत्या, त्यांना उठायलाच वेळ लागणार होता, आणि पाण्याचं पोट त्यांच्या डोक्यावर.

मी खुंटीपाशी गेले. दोराला हात लावला तर तो लोखंडाच्या कांबीसारखा झाला होता. फेरे एकेक काढले आणि शेवटचा ठेवला. तो काढला तर दोर हातातून निसटून जातो आणि सगळं पाणी एकदम येतं, हे मला कोणी करून दाखवलेलं नव्हतं. जेवताना, चहा पिताना कानावर पडलेलं होतं, तेवढंच. दोर थोडा सरकू दिला, थांबवला, पुन्हा सरकू दिला. तळहात सोलले गेले. मला फार भीती वाटली. हातातून सुटलं तर आज्या, आणि धरून बसले तर खांब, एवढंच डोक्यात होतं. मग कोपरा झुकला आणि पाणी त्या बाजूनं, आज्यांच्या मागून, फुलझाडांच्या वाफ्यात ओतायला लागलं. बराच वेळ ओतत राहिलं. एका आजींनी शांतपणे पाय वर घेतले. जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यात भोंडल्याचा हत्ती गेला, सोंडेपासून सुरुवात होऊन.

पाऊस थांबल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. दोरी राहू दे म्हणाल्या, आणि त्याच दमात, हे पाणी साचणं मात्र चालणार नाही. दोन्ही बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट आला. उंच आणि बुटक्या खांबांमध्ये पीळ पडून कापड ताठ बसलं असतं तर पाणी आपोआप वाहून गेलं असतं, असं त्यानं समजावून सांगितलं आणि कडेला गोलाई कोणी दिली, विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडून झाली. आम्ही शेड उतरवून तुर्भ्याला आणली.

मामंजींना काय सांगायचं, यावर शेड आणायच्या आदल्या रात्री घरात खल झाला. सोसायटीला रंग आवडला नाही असं सांग, हा संजयचा सल्ला. मी त्यावर खरंच विचार केला. आयुष्यातलं शेवटचं शीड चुकलं, हे म्हाताऱ्या माणसाला सांगून कोणाचं भलं होणार होतं? पण कापड दुकानात पसरलं तर मध्यावर पाण्यानं सोडलेला गाळाचा मोठा गोल डाग. मामंजी खुर्चीवरून उठले, वाकले आणि त्या गोलाच्या कडेनं हात फिरवत गेले.

“पानी बसलं?” त्यांनी विचारलं.

“बसलं.”

“खाली मान्सं होती?”

“होती. कोणाला काही झालं नाही.”

त्यांनी डागावरून हात उचलला. मग म्हणाले, “उतरवलंस कसं? दामण कापलीस?”

“नाही. सोडली. एक फेरा ठेवून.”

त्यांनी माझे हात मागितले. तळवे डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघितले, पट्ट्या बांधलेल्या होत्या त्याही बाजूला करून. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता, धरायचं कारणही नव्हतं.

“शीड चुकलं माझं, शालन,” ते म्हणाले. “वाऱ्याचा इचार केला, पान्याचा नाय केला. कात्री आन.”

पोट त्यांनी स्वतः काढलं. सरळ रेषा मी आखून दिल्या, ड्रॉइंगप्रमाणे, मोजपट्टीनं. ते चिडले नाहीत. कडेच्या गोल पट्ट्या कापून पडल्या, त्या त्यांनी गुंडाळून फळीवर ठेवल्या. पुढे त्या ट्रकच्या ताडपत्र्यांना ठिगळं लावायला कामी आल्या.

शेड पुन्हा लागली. आता ती ताठ आहे, पाणी ओतलं तरी थेंब थांबत नाही. तेव्हापासून आम्ही जी शेड करतो तिचा एक कोपरा दोरावर ठेवतो. आर्किटेक्ट लोक ड्रॉइंगमधून तो खोडतात, आम्ही समजूत घालून पुन्हा घालतो, आणि इरफान खांबावर चढून ओरडतो, दामण ढीली करो. मीही आता तोच शब्द वापरते. कधीपासून, ते लक्षात नाही.

थंडीत मामंजींना मी रिक्षानं उलव्याला नेलं. मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला. वरून एक विमान गेलं, ते गेल्यावर मामंजींनी मान वर करून कापडाकडे बघितलं. खाडीचा वारा सुटला होता, शेड जागची हलत नव्हती.

“झोपलंय,” ते म्हणाले. तक्रार नव्हती, जे होतं ते सांगितलं.

मग काठी टेकत खुंटीपाशी गेले. मी दिलेले फेरे चाचपले, एकेक काढले आणि एक ठेवला. दोराचं टोक स्वतःच्या हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा त्यांच्या पद्धतीनं फेरे देतील. त्यांनी टोक माझ्यापुढे केलं.

“धर,” म्हणाले.

मी दामण धरली. ताण फारसा नव्हता, पण होता.